होळकरांची चार विजेतेपदं कुणाची?

आनेकलहून मी पुन्हा तुमच्यासमोर. एरवी या मालिकेत आपण घाट, नद्या, किल्ले आणि रसद यांवर बोलतो. आज क्रिकेटवर बोलायचंय. नेहमीच्या श्रोत्यांनी नाक मुरडू नये, कारण रसदेचा प्रश्न याही गोष्टीत आहे. किंबहुना तोच मुख्य आहे: माणसांना पोसतो कोण, आणि पोसणारा गेला की त्यांच्या पराक्रमाचं काय होतं.

२६ जून २०२२. रविवार. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. मुंबई विरुद्ध मध्य प्रदेश. आनेकलपासून मैदान पस्तीसेक किलोमीटर, पण बोम्मसंद्रा आणि इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून जायची माझी हौस आता संपली आहे. मी घरीच टीव्हीसमोर बसलो. शेजारचे आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे, कानडी, जुन्या म्हैसूर संस्थानात जन्मलेले. आमचं बोलणं मोडक्या कानडीत, मोडक्या हिंदीत आणि उरलेलं इंग्रजीत चालतं.

मुंबईने पहिल्या डावात ३७४ केल्या होत्या, सरफराज खानच्या १३४. मध्य प्रदेशने ५३६ उभारल्या, यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांची शतकं. मुंबई दुसऱ्या डावात २६९ वर आटोपली आणि मध्य प्रदेशला १०८ हव्या होत्या. चार गडी गमावून त्या झाल्या. मुंबईच्या नावावर तोवर ४१ विजेतेपदं होती, मध्य प्रदेशच्या नावावर एकही नाही. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, म्हणजे आपले मुंबईचेच, डोळे पुसत होते. त्यांना तसं कारणही होतं. तेवीस वर्षांपूर्वी, १९९८-९९च्या मोसमात, याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते.

समालोचक सांगत होता, मध्य प्रदेशचं हे पहिलंच विजेतेपद. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतही तेच. आजोबा मात्र मान हलवून म्हणाले, "पहिलं कसं? ओंबैनूर हन्नेरडु!"

ओंबैनूर हन्नेरडु म्हणजे नऊशे बारा.

आजोबांच्या वडिलांना हा आकडा आयुष्यभर डाचत होता. १९४५-४६च्या मोसमात म्हैसूरचा संघ इंदूरला उपांत्य सामना खेळायला गेला. यजमान होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा शतकं: भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका डावात सहा जणांनी शंभरी गाठल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. म्हैसूरच्या बी. के. गरुडाचार यांनी ६९ षटकं टाकली आणि ३०१ धावा देऊन चार बळी घेतले. एवढं झाल्यावर हा माणूस दुसऱ्या डावात फलंदाजीला उतरला आणि त्याने १६४ केल्या. म्हैसूरच्या १९० आणि ५०९ झाल्या, तरी डाव आणि २१३ धावांनी हार. रणजी करंडकात ९१२चा आकडा कुणी ओलांडायला १९९३-९४ साल उजाडावं लागलं. तेव्हा हैदराबादने ९४४ केल्या.

आजोबांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला ९१२चा मार देऊन जो संघ विजेता झाला तो इंदूरचा, आणि इंदूर मध्य प्रदेशात. मग पहिलं कसं?

मी वही काढून हिशेब मांडला. तो तुमच्यासमोरही ठेवतो.

१९४४-४५ ते १९५३-५४ असे दहा मोसम घ्या. या दहा वर्षांत रणजी करंडक तीनच घरांत फिरला. मुंबईकडे चार वेळा, होळकरांकडे चार वेळा, बडोद्याकडे दोनदा. अकराव्या वर्षी मद्रासने तो नेला, तोही होळकरांना इंदूरमध्येच अवघ्या ४६ धावांनी हरवून. त्या अकरा मोसमांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत होता. फक्त १९४८-४९ला नव्हता, तेव्हा मुंबई आणि बडोदा भिडले. म्हणजे दहा वर्षांची सलग झुंज, आणि मुंबई-इंदूरचा हिशेब चार-चार असा बरोबरीत. आपल्याकडे मुंबईच्या सलग पंधरा विजेतेपदांचं कौतुक होतं, १९५८-५९ ते १९७२-७३. व्हायलाच हवं. पण त्यात चुरस किती होती? चुरस बघायची असेल तर त्याआधीच्या या दशकात बघा.

आणि तिन्ही घरं मराठी वळणाची. एक मुंबई, एक गायकवाडांचं बडोदं, एक होळकरांचं इंदूर. खेळाडूंत गुजराती, पारशी, मुसलमान, तेलुगू सगळे होते. पण नावं वाचत गेलात तर हजारे, अधिकारी, सरवटे, निंबाळकर, जगदाळे, भांडारकर, रांगणेकर, फडकर अशी पंगतच लागते. निंबाळकरांचे दोन भाऊ, रावसाहेब बडोद्याचे यष्टिरक्षक आणि भाऊसाहेब होळकरांचे फलंदाज. कोल्हापूरच्या एका घरातले दोघे, दोन राजांच्या पदरी.

पदरी हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याच्याकडे येतोच. आधी मार्च १९४५.

मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम, मुंबई विरुद्ध होळकर. अंतिम सामन्याला तेव्हा दिवसांची मर्यादा नव्हती, निकाल लागेपर्यंत खेळायचं. मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. १०२ धावांची पिछाडी, म्हणजे सामना अजून हातात. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ केल्या. विजय मर्चंट २७८. रुसी मोदींनी पहिल्या डावात ९८ आणि दुसऱ्यात १५१ केल्या आणि त्या मोसमातल्या त्यांच्या रणजी धावा १००८ झाल्या. एका मोसमात हजार धावांचा टप्पा गाठणारे ते पहिले. दुसऱ्या बाजूने सी. एस. नायडू, म्हणजे सी. कें.चे धाकटे भाऊ, लेगस्पिन टाकत राहिले. पहिल्या डावात ६४.५ षटकं, दुसऱ्यात ८८. मिळून ९१७ चेंडू, ४२८ धावा, ११ बळी. एका सामन्यात इतके चेंडू कुणीच टाकले नव्हते. मार्चमधली मुंबई तुम्हाला ठाऊक आहे. बूट घालून नुसतं उभं राहिलं तरी मोजे भिजतात.

होळकरांपुढे लक्ष्य आलं ८६७ धावांचं. हसू नका. ते त्यासाठी खेळले. मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ केल्या होत्या, दुसऱ्यात १३९ केल्या. आणि एका टोकाला उभा राहिला एक इंग्रज, डेनिस कॉम्प्टन.

हा इथे कसा? महायुद्ध चालू होतं. कॉम्प्टन ब्रिटिश फौजेत सार्जंट-मेजर, जवानांना शारीरिक शिक्षण देणारा, आणि त्याची नेमणूक होती महूला. महूपासून इंदूर हाकेच्या अंतरावर. इन्फंट्रीच्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला महूची वारी घडते, मलाही घडली. शिस्तीचा घाम गाळायचा आणि सुटी मिळाली की इंदूरच्या सराफ्यात जाऊन खायचं, हा तिथला परिपाठ. कॉम्प्टन इंदूरला गेला तो खेळायला. होळकरांनी त्याला संघात घेतलं. त्यामुळे ब्रेबर्नवर एक दृश्य दिसलं जे कुठल्याही मेसमध्ये दिसणार नाही: ब्रिटिश फौजेतला सार्जंट-मेजर एका हिंदी कर्नलच्या हुकमाखाली, कारण संघाचा कर्णधार होता कर्नल सी. के. नायडू.

कॉम्प्टन पुढे एक किस्सा रंगवून सांगत असे. इंदूरच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने त्याला शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस कबूल केलं होतं. कॉम्प्टन नाबाद २४९ वर पोहोचला आणि समोरचे साथीदार संपले. होळकर सर्वबाद ४९२. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. बक्षीस घ्यायला कॉम्प्टन गेला तर हाती चिठ्ठी आली: तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागतंय. चार डावांत मिळून २०७८ धावा झालेल्या या सामन्यात खेळाच्या बदल्यात पैशाचं बोलणं उघडपणे करणारा बहुधा हा एकच व्यापारी, आणि तोही पळाला.

बाकीच्यांचे पैसे वेगळ्या वाटेने येत होते. आता तो पदरी शब्द.

सी. के. नायडू नागपूरचे. १८९५चा जन्म. १९२३ साली होळकर दरबाराने त्यांना इंदूरला बोलावलं आणि संस्थानाच्या फौजेत कॅप्टनची जागा दिली. पुढे ते कर्नल झाले. १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा तेच कर्णधार. विजय हजारे सांगलीचे. आधी महाराष्ट्राकडून खेळले, मग देवासच्या महाराजांच्या नोकरीत गेले. या विक्रमसिंहराव महाराजांनी हजाऱ्यांना शिकवायला ऑस्ट्रेलियाचा क्लॅरी ग्रिमेट आणला होता. नंतर हजारे बडोद्याला गेले. चंदू सरवटे सागरचे, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. ते मध्य प्रांत-वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई असे फिरत होळकरांकडे स्थिरावले. भाऊसाहेब निंबाळकर १९४८च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ करतात आणि त्याआधी-नंतर होळकरांकडून खेळतात. याला कुणी पक्षांतर म्हणत नसे. चाकरी बदलली की संघ बदलायचा.

म्हणजे हे व्यावसायिक खेळाडूच होते. फक्त तसं म्हणायचं नाही, असा संकेत होता. हजेरीपटावर हुद्दा फौजेचा किंवा दरबारचा, काम खेळण्याचं.

ही युक्ती आपलीच असं समजू नका. अमेरिकेत बेसबॉलचा जन्मही असाच झाला. उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, १८६९चा. त्याआधी नियम असा की खेळाडूला खेळाचे पैसे द्यायचे नाहीत. मग वॉशिंग्टनच्या संघातले खेळाडू सरकारी खजिना खात्यात कारकून म्हणून लागले. अल्बर्ट स्पॉल्डिंग नावाचा एक चेंडूफेकीत तरबेज पोरगा होता. त्याला शिकागोच्या एका घाऊक किराणा दुकानदाराने आठवड्याला ४० डॉलर पगारावर कारकून म्हणून नेमलं. किराणा दुकानातल्या कारकुनाला चाळीस डॉलर म्हणजे अवाच्या सवा रक्कम. पण त्याच्याकडून वहीखातं कुणाला लिहून घ्यायचं होतं? इंग्लंडमध्ये तर ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर’ अशा दोन जातीच होत्या, त्या १९६२ला मोडल्या. कॉम्प्टन तिथे ‘प्लेयर’, म्हणजे पगारी. इंदूरच्या संघात सगळेच कुणाच्या तरी पगारावर, त्यामुळे त्याला कुठलाही वेगळा दरवाजा नव्हता.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण या पद्धतीबद्दलचं माझं मत पूर्वी वेगळं होतं. मी कंपनी कमांडर असताना माझ्याकडे एक धावपटू जवान आला. पहाटे पळायचा, दुपारी झोपायचा, संध्याकाळी पुन्हा पळायचा. पहारा नाही, फटीग नाही. बाकीचे जवान कुरकुरत होते आणि मला ते पटत होतं. फौज पळण्यासाठी नसते, असं म्हणून मी त्याला नेमक्या स्पर्धांच्या महिन्यात गार्ड ड्यूटीला लावलं. नियमाने मी बरोबर होतो. तो काही बोलला नाही, सॅल्यूट करून गेला. त्या वर्षी तो धावला नाही आणि पुढच्या वर्षी त्याचा वेग उतरला होता. या गोष्टीचा हिशेब मी मनात बरीच वर्षं केला आहे. खरी चूक त्या जवानाची नव्हती, माझीही फक्त अर्धी. त्याचं काम एक आणि कागदावरचा हुद्दा दुसरा, या ढोंगात आम्ही दोघं अडकलो होतो.

म्हणून कर्नल नायडूंचं कर्नलपद खरं की खोटं, असं कुणी हसून विचारलं की मला हसू येत नाही. त्यांनी पलटण लढाईवर नेली नसेल. संघ मात्र पलटणीसारखा चालवला. शिस्त करडी, वेळ पाळायची, दुखलं म्हणून मैदान सोडायचं नाही. आणि हे स्वतःला आधी लागू. १९४५-४६च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० केल्या तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. होळकर तो सामना ५६ धावांनी जिंकले. १९५१-५२च्या अंतिम सामन्यात, मुंबईविरुद्ध, दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. दात तुटले. वय छप्पन्न. खेळपट्टीवर पडलेले तुकडे बाजूला सारून ते पुन्हा उभे राहिले आणि फडकरांनी वेग कमी केला तर त्यालाही त्यांची हरकत होती. होळकर तो सामना ५३१ धावांनी हरले, हेही सांगायला हवं. दात तोडून घेतल्याने सामना जिंकता येत नाही.

१९४१ साली याच नायडूंचं नाव एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत झळकलं. भारतीय खेळाडूने मालाची जाहिरात करण्याची ही सुरुवात मानतात. दरबारी नोकरीच्या पडद्याला पहिलं भोक तिथे पडलं असं मी समजतो.

बडोद्याची बाजू राहिली. १९४६-४७. मार्च १९४७, बडोदं. देशात फाळणीची चाहूल, पंजाबात दंगे पेटलेले. होळकर पहिल्या डावात २०२ वर बाद. बडोद्याची अवस्था ३ बाद ९१. तिथे विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. सांगलीचा मराठी ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान, गायकवाडांच्या संघात. त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही गड्यासाठीची ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ करेपर्यंत, म्हणजे ५९ वर्षं, ती तशीच उभी होती. बडोदा ७८४, होळकर पुन्हा १७३, डाव आणि ४०९ धावांनी पराभव. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ला पाकिस्तानकडून कसोटी खेळले.

त्या काळात लोकांची गर्दी रणजीला नसे. ती मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना असे, हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ अशा धर्मावर बांधलेल्या संघांच्या. ती स्पर्धा १९४६ला बंद झाली. बरं झालं. पण रणजीतल्या या त्रिकोणात धर्माचा प्रश्नच निघाला नव्हता. मुश्ताक अली होळकरांचे, गुल महंमद आणि अमीर इलाही गायकवाडांचे. राजाला सामना जिंकायचा होता आणि चेंडू वळतो की नाही एवढंच तो बघत होता.

मग संस्थानं गेली. १९४८च्या मे महिन्यात मध्य भारत झाला, इंदूर त्यात. १९४९च्या १ मे रोजी बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानी फौजांतल्या काही पलटणी भारतीय सैन्यात आल्या, काही मोडल्या. ज्या हजेरीपटांवर ही माणसं होती ते हजेरीपटच मिटले. तरी होळकर संघ सहा-सात वर्षं चालला, १९५०-५१ आणि १९५२-५३ला जिंकलासुद्धा. दुसऱ्यांदा तर कलकत्त्यात बंगालला हरवून. संचित पुण्याई तेवढी पुरली. १९५४-५५चा तो ४६ धावांचा पराभव हा होळकर नावाचा शेवटचा मोसम. पुढे मध्य भारत, मग मध्य प्रदेश. नायडू वयाच्या एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळत होते. घर मोडल्यावर माणूस जिथे जागा मिळेल तिथे बिछाना टाकतो.

मुंबईचं तसं झालं नाही, आणि कारण पुन्हा रसदच. मुंबईच्या खेळाडूला राजा पोसत नव्हता. त्याला पोसायला गिरण्या, बँका, तेल आणि सिमेंटच्या कंपन्या होत्या. कचेऱ्या-कचेऱ्यांतले टाइम्स शील्डचे सामने होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. हीसुद्धा त्याच जातीची नोकरी, फक्त मालक शेकडो होते. एक गेला तर दुसरा. ती पंधरा विजेतेपदं या पायावर उभी आहेत. आणि फौजेनेही तेच केलं. हेमू अधिकारी बडोद्याकडून खेळलेले, पुढे आपल्या सैन्यात लेफ्टनंट कर्नल. सर्व्हिसेसचा संघ त्यांच्या काळात लागोपाठ दोनदा अंतिम फेरीत गेला, १९५६-५७ आणि १९५७-५८. पहिल्यांदा मुंबईशी हरला, दुसऱ्यांदा त्यांच्या जुन्या बडोद्याशी.

आता आजोबांचा प्रश्न. ती चार विजेतेपदं कुणाची?

विक्रमांच्या यादीत होळकर हा वेगळा संघ आहे. त्याच्यापुढे चार, आणि मध्य प्रदेशापुढे २०२२चं एक. पण बॉम्बेचं मुंबई झालं तेव्हा जुनी विजेतेपदं कुणी वेगळ्या रकान्यात टाकली नाहीत. बडोदा संस्थान बुडालं, पण संघाला गावाचं नाव होतं, म्हणून १९४६-४७चं यश आजच्या बडोद्याचं. म्हैसूरचं कर्नाटक झालं १९७३च्या नोव्हेंबरात. त्याच मोसमात कर्नाटकाने बंगळुरूत मुंबईची पंधरा वर्षांची मालिका तोडली आणि पुढे करंडक जिंकला. तरी म्हैसूरच्या १९४१-४२ आणि १९५९-६०च्या अंतिम फेऱ्या कर्नाटकाच्याच खाती धरतात. गैरसोय फक्त इंदूरची झाली, कारण त्यांच्या संघाला गावाऐवजी घराण्याचं नाव होतं. घराण्याचं राज्य गेलं आणि विजेतेपदं बेवारस झाली.

माझा एक मुंबईकर मित्र म्हणतो, ते सगळे बाहेरून आणलेले भाडोत्री, त्यांचा मध्य प्रदेशाशी काय संबंध? मुश्ताक अली इंदूरात जन्मले, सरवटे सागरला. बाकीचे बाहेरचे असतील. पण नायडू १९२३ला इंदूरला आले आणि १९६७ला इंदूरलाच गेले. चव्वेचाळीस वर्षं राहिलेला माणूस बाहेरचा कसा? आणि २०२२च्या विजेत्या मध्य प्रदेशचा प्रशिक्षक तरी कुठला होता?

फौजेत या प्रश्नाचं उत्तर आम्ही केव्हाच काढलं आहे. पहिल्या महायुद्धात, २३ सप्टेंबर १९१८ला, म्हैसूर आणि जोधपूर लान्सर्सनी घोड्यांवरून हल्ला करून हैफा शहर घेतलं. ती दोन्ही पथकं संस्थानी. संस्थानं गेली, घोडदळं १९५३मध्ये ६१ कॅव्हलरीत मिळाली आणि हैफाचा रणसन्मान त्यांच्यासोबत आला. आजही दर वर्षी २३ सप्टेंबरला तो दिवस पाळला जातो. तिथे कुणी विचारत नाही की तो हल्ला तुम्ही केला होता की म्हैसूरच्या महाराजांनी पगार दिलेल्या स्वारांनी. पलटणीचं नाव बदलतं, टोपीवरचं चिन्ह बदलतं, रणसन्मान वारशाने येतात. क्रिकेटच्या वहीत हे का होऊ नये, मला समजत नाही. निदान तळटीप तरी.

ते होईल तेव्हा होईल. त्या रविवारी संध्याकाळी मी माझ्या वहीत मध्य प्रदेशाच्या नावापुढचा एकचा आकडा खोडून पाच लिहिला. आजोबा चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, आता त्याच्याखाली गरुडाचारांची षटकंही लिही.

लिहिली. ६९ षटकं, ३०१ धावा, चार बळी.